शीतोपचाराची कसोटी

घरात मूल जन्माला आले की वडीलधारी माणसे मुलगा की मुलगी हे विचारण्यापूर्वी एक प्रश्न विचारतात : "रडले ना?" ह्या दोन शब्दांत पिढ्यानपिढ्यांचा अनुभव साठविलेला आहे. पहिले रडणे म्हणजे पहिला श्वास. आईच्या उदरात असताना बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. त्याला लागणारा प्राणवायू वारेतून आणि नाळेतून मिळत असतो. जन्म होताच ही वाट बंद होते आणि थोड्याच क्षणांत बाळाला स्वतःचा श्वास स्वतः घ्यावा लागतो. बहुतेक बाळे हे अवघड संक्रमण कोणाच्याही साहाय्यावाचून पार पाडतात. काही मात्र रडत नाहीत. अशा वेळी जुन्या सुइणी बाळाच्या तोंडावर गार पाण्याचा शिपका मारीत, कानाशी थाळी वाजवीत, कोठे कोठे वार निखाऱ्यावर शेकीत. त्यांतील एखादे बाळ रडू लागे, एखादे न रडताच जाई. आणि एखादे उशिरा रडून जगे, पण पुढे मान धरीत नसे, बसत नसे, बोलत नसे.

आज आपण ज्या संशोधनाचा विचार करणार आहोत ते ह्या न रडलेल्या बाळांविषयीचे आहे. बंगळूर, चेन्नई व मुंबई येथील सार्वजनिक रुग्णालयांत, तसेच श्रीलंका आणि बांगलादेश येथील रुग्णालयांत ते पार पडले, आणि त्याचे निष्कर्ष २०२१ साली 'लान्सेट ग्लोबल हेल्थ' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जो उपचार पाश्चात्त्य देशांत बाळांचे प्राण वाचविणारा म्हणून सर्वमान्य झाला होता, तोच आपल्याकडील बाळांना दिला तर काय होते, हा त्याचा विषय. मिळालेले उत्तर दिलासा देणारे नव्हते. तरीही, किंबहुना त्यामुळेच, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या मेंदूचा प्राणवायू आणि रक्तपुरवठा तुटला, तर मेंदूतील पेशींची ऊर्जा संपते. मग बाळाला कृत्रिम श्वास दिला, हृदयाचे ठोके परत आले, कातडीचा निळेपणा जाऊन ते गुलाबी दिसू लागले, की पाहणाऱ्याला संकट टळले असे वाटते. परंतु संकटाचे दोन टप्पे असतात. पहिल्या आघातानंतर पेशी काही काळ सावरल्यासारख्या दिसतात. ही सवड साधारणतः सहा तासांची असते. त्यानंतर दुसरा ऱ्हास सुरू होतो. पेशींत नको ती रासायनिक द्रव्ये साठतात, कॅल्शियमचा लोंढा आत शिरतो, मेंदूला सूज येते, आणि पहिल्या आघातातून वाचलेल्या पेशीही पुढील दोन-तीन दिवसांत मरू लागतात. अशा बाळाला झटके येतात, त्याचे अंग सैल पडते, त्याला ओढून पिता येत नाही. आग विझली असे समजून लोक घरी जावेत आणि राखेखालच्या निखाऱ्याने पुन्हा पेट घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

दोन टप्प्यांमधील ह्या सहा तासांच्या सवडीतच उपचाराची आशा आहे. शरीर थंड केले तर पेशींचे व्यवहार मंदावतात, त्यांची प्राणवायूची भूक कमी होते, आणि दुसऱ्या ऱ्हासाची साखळी ढिली पडते. ही कल्पना तशी जुनीच. १९५० नंतरच्या दशकात स्वीडनमधील व्हेस्टिन ह्या वैद्याने न रडणाऱ्या बाळांना थंड पाण्यात ठेवून पाहिले होते. परंतु त्याच सुमारास, १९५८ साली, अमेरिकेतील विल्यम सिल्व्हरमन ह्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर काळजीपूर्वक प्रयोग करून दाखविले, की पेटीचे तापमान थोडेसे वाढविले तरी जगणाऱ्या बाळांचे प्रमाण शेकडा १५ नी वाढते. थंडी ही नवजात बाळाची वैरीण, असा धडा सर्वांनी घेतला, आणि तो बरोबरही होता. त्यामुळे बाळाला थंड करण्याचा विचार तीसएक वर्षे मागे पडला.

१९९० नंतर न्यूझीलंडमध्ये मेंढीच्या गर्भावर आणि इंग्लंडमध्ये डुकराच्या पिलांवर प्रयोग झाले, तेव्हा शीतोपचाराने मेंदूची हानी कमी होते असे दिसून आले. पुढे माणसांची पाळी आली. डेट्रॉइटच्या डॉ. सीता शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० हून अधिक बाळांवर केलेला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. बाळाचे तापमान ३७ अंशांवरून ३३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून ते ७२ तास तेथेच राखावयाचे आणि नंतर सावकाश पूर्ववत करावयाचे, अशी ती रीत. थंड न केलेल्या बाळांत मृत्यू किंवा अपंगत्व ह्यांचे प्रमाण शेकडा ६२ होते. थंड केलेल्या बाळांत ते शेकडा ४४ वर आले. इतरत्रही प्रयोग झाले. २०१३ साली ११ प्रयोगांतील १,५०५ बाळांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा सात बाळांना हा उपचार दिला असता त्यांतील एक मृत्यूपासून किंवा मोठ्या अपंगत्वापासून वाचते, असा निष्कर्ष निघाला. नवजात बाळाच्या मेंदूसाठी दुसरा कोणताही सिद्ध उपाय नव्हता. साहजिकच श्रीमंत देशांतील अतिदक्षता विभागांत शीतोपचार हा नित्याचा भाग झाला.

आता आपल्याकडील परिस्थिती. जन्मतः गुदमरलेल्या बाळांची संख्या श्रीमंत देशांपेक्षा दक्षिण आशियात आणि आफ्रिकेत फार मोठी आहे. तेव्हा हा उपाय येथे आलाच पाहिजे, असे कोणालाही वाटावे. बर्फाच्या किंवा जेलच्या पिशव्यांनी बाळाला थंड करण्याची रीत काही रुग्णालयांत सुरूही झाली. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या साहाय्याने एक स्वस्त पाळणा तयार झाला. त्यातील विशिष्ट पदार्थ वितळताना बाळाच्या अंगातील उष्णता शोषून घेतो आणि विजेवाचून त्याला थंड ठेवतो. लहान लहान प्रयोगांचे निष्कर्षही अनुकूल येत होते. मात्र एक मोठा, काटेकोर प्रयोग व्हावयाचा राहिला होता.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील डॉ. सुधीन थय्यिल ह्यांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला. त्याला 'हेलिक्स' असे नाव दिले होते. त्यात सात मोठी रुग्णालये सहभागी झाली. बंगळूरची दोन होती : एक, निम्हान्सच्या शेजारचे इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थेचे रुग्णालय, दुसरे, म्हैसूरच्या महाराणी वाणीविलास ह्यांच्या नावे १९३५ साली उघडलेले, आज बंगळूर मेडिकल कॉलेजला जोडलेले वाणीविलास रुग्णालय. आसपासच्या जिल्ह्यांतून अडलेल्या बाळंतिणी आणि अत्यवस्थ बाळे अशाच सरकारी रुग्णालयांकडे येतात. मुंबईहून शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय होते. धारावीच्या कडेला असलेल्या ह्याच रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, हे अनेक श्रोत्यांस ठाऊक असेल. ह्या सर्व ठिकाणी नवजात बाळांचे सुसज्ज अतिदक्षता विभाग होते. खेड्यातील दवाखान्यात उपचार फसला तर साधनांच्या अभावाकडे बोट दाखविता येते; येथे ती पळवाट राहू नये, अशी ही निवड होती.

१५ ऑगस्ट २०१५ ते १५ फेब्रुवारी २०१९ ह्या काळात ४०८ बाळे ह्या प्रयोगात घेण्यात आली. बाळ निदान ३६ आठवड्यांचे असावे, जन्मून सहा तास झालेले नसावेत, आणि मेंदूला इजा झाल्याची मध्यम किंवा तीव्र लक्षणे त्यात दिसत असावीत, अशा अटी होत्या. आईबापांची संमती घेऊन कोणते बाळ कोणत्या गटात जावे हे निव्वळ चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरविले गेले : २०२ बाळांना शीतोपचार, २०६ बाळांना नेहमीची शुश्रूषा. ही नेहमीची शुश्रूषा म्हणजे उपेक्षा नव्हे. श्वासाला आधार, झटक्यांवर औषध, रक्तदाब व साखर ह्यांवर लक्ष, आणि ताप चढू न देणे, हे सर्व दोन्ही गटांना होतेच.

थंड केलेले बाळ कसे दिसते हे एकदा डोळ्यांपुढे आणावे. उघड्या अंगाने ते एका गादीवर निजलेले असते. गादीतून पाणी खेळते, आणि बाळाच्या अंगातील तापमानाची नोंद घेऊन यंत्र त्या पाण्याला कमी-अधिक गार करते. हाताला बाळ गार लागते. हृदयाचे ठोके मंद पडतात. आईला त्याला छातीशी धरता येत नाही. तीन दिवस, तीन रात्री परिचारिका आकड्यांवर नजर ठेवून बसतात. मग अर्ध्या अंशाच्या बेताने ऊब परत आणावयाची. आपल्या आजी म्हणत, की पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. ह्या बाळांच्या बाबतीत पाचव्या रात्रीपर्यंत पुष्कळसे लिहून झालेले असते. पण ते वाचता येते दीड वर्षानंतर. म्हणून प्रत्येक बाळाची १८ ते २२ महिन्यांच्या वयात पुन्हा तपासणी झाली. आई-बाप कामासाठी गाव बदलतात, पत्ते हरवतात. तरीही शंभरातील ९७ बाळांचा अंतिम निकाल नोंदविता आला. ही चिकाटी विसरण्याजोगी नाही.

प्रयोग चालू असताना एक नैतिक प्रश्न मनात येणे स्वाभाविक होते. जो उपचार लंडनच्या बाळाला हक्काने मिळतो, तो बंगळूरच्या निम्म्या बाळांना चिठ्ठीच्या आधारे नाकारावयाचा, हे योग्य काय? प्रश्न सद्हेतूचा होता. त्याला उत्तर एकच होते : तो उपचार येथील बाळाला हितकर आहे हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

निकाल लागला तो असा. मृत्यू किंवा मध्यम अथवा गंभीर अपंगत्व ह्यांची बेरीज शीतोपचाराच्या गटात १९५ पैकी ९८, म्हणजे शेकडा ५०. दुसऱ्या गटात १९९ पैकी ९४, म्हणजे शेकडा ४७. बेरजेत फरक नाही. परंतु केवळ मृत्यू मोजले, तेव्हा थंड केलेल्या गटात ८४ आणि दुसऱ्या गटात ६३ भरले. शेकडा ४२ विरुद्ध शेकडा ३१. ज्यांना उपचारापासून वंचित ठेविले असे वाटत होते, ती बाळे अधिक संख्येने जगली. ह्याच आकड्यांतून असेही निघते, की थंड केलेल्यांपैकी जी जगली त्यांत अपंगत्व कमी होते. परंतु ज्यांच्या मेंदूला अधिक इजा झाली होती तीच बाळे अधिक मरण पावली असतील, तर ह्या उणेपणाला उपचाराचे यश म्हणता येत नाही. साधने उपलब्ध असली तरीही अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा उपचार देऊ नये, असे संशोधकांनी स्पष्ट लिहिले.

असे का व्हावे? माणसाचा मेंदू तर सर्वत्र सारखाच. येथे काही अनुमाने सांगता येतात. ती अनुमाने आहेत हे ध्यानात ठेवावे. श्रीमंत देशांत बाळ गुदमरते ते बहुधा अकस्मात् : नाळ खाली घसरते, वार वेळेपूर्वी सुटते. आघाताची घटका ठाऊक असते आणि सहा तासांची सवड खरोखरीच हाती असते. आपल्याकडे प्रसूती तासन्‌तास रेंगाळते, प्रत्येक कळेबरोबर बाळाला थोडा थोडा प्राणवायू कमी पडत जातो, आणि जन्माच्या वेळी ती सवड कदाचित उलटूनही गेलेली असते. प्रयोगातील बाळांच्या मेंदूची जी चुंबकीय चित्रे घेतली गेली, त्यांतील इजेचे स्वरूप ह्या अनुमानाला पोषक आहे. शिवाय आईचा अशक्तपणा, रक्तक्षय, पोटात नीट न वाढलेले बाळ, जंतुसंसर्ग ही कारणेही त्यात मिसळलेली असतात. सवड संपल्यावर गारव्याचा लाभ राहत नाही. रक्तदाब उतरणे, रक्त न गोठणे हे त्याचे दोष तेवढे उरतात.

सर्व तज्ज्ञांना हा निष्कर्ष मान्य झाला असे मात्र नाही. आपल्याकडील कित्येक अतिदक्षता विभाग पुष्कळ वर्षे शीतोपचार करीत आले आहेत आणि त्यांचा अनुभव चांगला आहे. वेल्लूरच्या ५० बाळांवरील प्रयोगात मेंदूच्या चित्रांत सुधारणा दिसली होती. बाळांची निवड कशी झाली, उपचार किती उशिरा सुरू झाला, श्वासाला व रक्तदाबाला दिलेला आधार सर्वत्र पुरेसा होता काय, असे आक्षेप घेण्यात आले आणि त्यांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. निवडक बाळांना, उत्तम देखरेखीखाली हा उपचार द्यावा, असे मानणारा मोठा पक्ष आहे. वाद चालू आहे, आणि तो आकड्यांनिशी चालू आहे, ही समाधानाची गोष्ट. पण एक गोष्ट ह्या वादातही निर्विवाद राहते : एका देशात सिद्ध झालेला उपचार दुसऱ्या देशात जसाच्या तसा लागू पडेल, हे आता कोणी गृहीत धरू नये.

बालकांच्या अतिदक्षतेच्या इतिहासात असे पूर्वीही घडले आहे. तापाने फणफणलेल्या आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलाला शिरेतून झपाट्याने सलाइन द्यावे, हा जगभर शिकविला जाणारा नियम. केनिया, युगांडा व टांझानिया येथील ३,१४१ मुलांवर कॅथरिन मेटलंड ह्यांनी त्याची परीक्षा घेतली. २०११ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की झपाट्याने सलाइन दिलेल्या मुलांपैकी शेकडा १०.५ अठ्ठेचाळीस तासांत दगावली आणि तसे न दिलेल्यांपैकी शेकडा ७.३. त्या रुग्णालयांत कृत्रिम श्वसनाची सोय नव्हती. नियम घडला होता तेथे ती होती. उलटपक्षी, आपल्याकडील संशोधनाने जगाचा नियम बदलल्याचेही उदाहरण आहे. न रडणाऱ्या बाळाला शुद्ध प्राणवायूच दिला पाहिजे असे पूर्वी मानीत. दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. सॉगस्टाड ह्यांनी १९९३ साली, आणि पुढे १९९८ साली सहा देशांतील ६०९ बाळांवर, साधी हवा वापरून पाहिली. ती निदान तितकीच गुणकारी ठरली. आज पूर्ण दिवसांच्या बाळाला श्वास देताना जगभर साध्या हवेनेच आरंभ करितात. ज्या गावात सिलिंडर पोहोचत नाही त्या गावाला ह्याचा केवढा उपयोग!

मग ज्या घरात बाळ यावयाचे आहे त्या घराने ह्यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी, की आजवरच्या प्रयोगांचा रोख अतिदक्षता विभागाकडून प्रसूतिगृहाकडे वळतो आहे. मेंदूची हानी जर कळांच्या तासांतच होत असेल, तर तिला अडविण्याची जागाही तीच. कळा सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाने आणि शेवटच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणे. ठोके बिघडल्यास वेळ न दवडता शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे. कळा वाढविण्याची औषधे जपून वापरणे. जन्मानंतर पहिल्या मिनिटाच्या आत न रडणाऱ्या बाळाला पिशवी आणि मुखवट्याने श्वास देणे : ही कामे साधी दिसतात, पण रात्री तीन वाजता, गर्दीच्या प्रसूतिगृहात, थकलेल्या परिचारिकेकडून ती चुकू नयेत ह्यासाठी माणसे, शिक्षण आणि शिस्त लागते. 'हेलिक्स'च्या संशोधकांनीही पुढे दक्षिण भारतातील मोठ्या सरकारी प्रसूतिगृहांत, त्यांत बंगळूरही आले, ह्याच दिशेने काम हाती घेतले.

ह्या बाबतीत महाराष्ट्राजवळ स्वतःचा दाखला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी गावातीलच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी शुश्रूषा सुरू केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे नवजात बाळांचे मृत्यू शेकडा ६२ नी घटले. थोडे शिकलेल्या ह्या स्त्रिया न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचे कामही करीत. 'रडले ना?' ह्या प्रश्नाला नुसती चिंता न करता हाताने उत्तर देता येते, हे त्यांनी दाखविले.

दुसरी गोष्ट संमतीविषयीची. एखाद्या दिवशी आपल्यापैकी कोणाला अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून कागदावर सही करावी लागेल. 'प्रयोग' हा शब्द ऐकून मन दचकते. आपल्या लेकरावर प्रयोग कशाला, असे वाटते. परंतु उपचाराची परीक्षाच झाली नाही म्हणून तो प्रयोग नव्हे, असे होत नाही. परीक्षेवाचून दिलेला उपचार हाही प्रयोगच असतो. फरक इतकाच, की त्याची नोंद कोणी ठेवीत नाही आणि त्यापासून कोणी शिकत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी विचारावे : हा उपचार आमच्यासारख्या बाळांवर पारखला आहे काय? त्याने काय साधते, काय बिघडू शकते? न दिल्यास बाळाला दुसरे काय मिळेल? हे प्रश्न विचारणे हा डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे. चांगला डॉक्टर हेच प्रश्न स्वतःला विचारीत असतो.

त्या ४०८ बाळांच्या आईबापांनी, जन्मानंतर अवघ्या काही तासांत, मनाच्या अत्यंत कठीण अवस्थेत होकार दिला. त्यांच्यापैकी अनेकांच्या पदरी दुःख आले. परंतु बंगळूरच्या किंवा शीवच्या रुग्णालयात उद्या जे बाळ न रडता जन्माला येईल, त्याच्यासमोर उभा राहणारा डॉक्टर त्या होकारामुळे कालच्यापेक्षा अधिक जाणता असेल.